सव्वीस डॉलरचा रुसवा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आज मी तुम्हाला एका सीडीची गोष्ट सांगणार आहे. सीडी परदेशी, तिच्यातले संगीत परदेशी, आणि तिच्यावर रुसलेली मंडळीही बहुतेक परदेशीच. पण रुसण्याची रीत मात्र तुमच्या-माझ्या ओळखीची आहे, म्हणून हा विषय घेतला.

१९९९ सालचा हिवाळा. आम्ही चार मराठी मुले न्यू जर्सीत एका भाड्याच्या घरात राहत होतो. दोन हजार साल उजाडताना जगातले संगणक बंद पडू नयेत म्हणून अमेरिकेने भारतातून जे हजारो हात मागवले होते, त्यांतले आठ हात आमचे. आमच्यातला एक सांगलीचा. त्याला ट्रान्स नावाच्या नृत्यसंगीताचे वेड होते. एका शनिवारी तो मॅनहॅटनला गेला आणि रात्री परतला तो कोटाच्या आतल्या खिशातून एक सीडी काढतच. ब्रिटनहून आयात झालेली. नेहमीची सीडी तेव्हा पंधरा-सोळा डॉलरला मिळे, हिला त्याने सव्वीस मोजले होते. म्हणजे त्या वेळच्या भावाने अकराशे रुपये. घरखर्चाच्या वहीत दुधाची बाटलीसुद्धा लिहून ठेवणारा हा माणूस!

जेवणे झाली, सीडी लागली. पहिली रचना झाली, दुसरी झाली, तिसरीत रॅप सुरू झाले. सांगलीकराने उठून यंत्र बंद केले, सीडी डबीत घातली आणि डबी माझ्याकडे सरकवली. म्हणाला, ''ठेव तुला. माझ्या कामाची नाही.'' पुढचे दोन दिवस घरात एखाद्याचे लग्न मोडल्यासारखी कळा होती.

ती सीडी होती ब्रायन ट्रान्सो या संगीतकाराची. त्याच्या नावाचे आणि आडनावाचे आद्याक्षर घेऊन तो बीटी या नावाने ओळखला जातो. अल्बमचे नाव 'मूव्हमेंट इन स्टिल लाइफ', म्हणजे स्थिरचित्रातली हालचाल.

आता यातली पहिली गंमत बघा. हा बीटी मुळात अमेरिकन. जन्म १९७१ चा, मेरीलँड राज्यातल्या रॉकव्हिल गावचा. लहानपणी पियानो आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत रीतसर शिकलेला, पुढे बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात गेलेला आणि तिथले शिक्षण अर्धवट सोडलेला. मायदेशात त्याच्या संगीताला कुणी विचारत नव्हते, त्या वेळी साशा नावाचा वेल्श डीजे त्याच्या रचना ब्रिटनमधल्या क्लबांत वाजवत होता आणि हजारो पोरेपोरी त्यावर नाचत होती. बीटी तिथे गेला आणि हे दृश्य त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. मग पॉल ओकनफोल्ड या बड्या डीजेच्या परफेक्टो कंपनीने त्याला करारबद्ध केले. १९९५ मध्ये 'इमा' हा त्याचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये निघाला. इमा म्हणजे जपानी भाषेत 'आत्ता'. १९९७ मध्ये दुसरा आला आणि त्यातल्या 'फ्लेमिंग जून' या रचनेने तर युरोपातल्या ट्रान्सवेड्यांना वेडच लावले. म्हणजे मेरीलँडचा मुलगा ब्रिटनमध्ये नावारूपाला आला, आणि त्याचे संगीत पहिल्यांदा ऐकायचे तर अमेरिकन चाहत्याने ते समुद्रापलीकडून मागवायचे! आपल्याकडचा हापूस दुबईहून परत मागवून खाण्यातला हा प्रकार.

'फ्लेमिंग जून'मध्ये त्याचा जोडीदार होता जर्मनीचा पॉल व्हॅन डाइक. आपण नभोवाणीवर बोलतो आहोत म्हणून जाता जाता सांगतो. हा पॉल पूर्व बर्लिनमध्ये वाढला. मधे भिंत होती, पण पश्चिमेकडच्या रेडिओच्या लहरींना भिंत अडवू शकत नव्हती. त्याचे सगळे संगीतशिक्षण कानाला रेडिओ लावून झालेले.

ट्रान्स म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय चाहत्यांचा राग कळणार नाही. या संगीताचा कणा म्हणजे ढोलाचा एकसारखा ठोका. चार मात्रांचे आवर्तन, आणि प्रत्येक मात्रेवर ठोका. वेग मिनिटाला साधारण एकशे तीस ते एकशे चाळीस. दिंडीत टाळ-मृदंग द्रुतात गेल्यावर पाय आपोआप उचलले जातात, तसेच हे. पण खरी किमया ठोक्यात नाही, ठोका काढून घेण्यात आहे. रचना सात-आठ मिनिटांची असते. निम्म्यात ठोका एकदम थांबतो. उरतात ते लांबवलेले सूर, एखादी साधी धून, कधी एखाद्या गायिकेचा आवाज. मग खालून एक थरथर सुरू होते, ती वाढत जाते, दाट होते, वर चढते. ऐकणाऱ्याला माहीत असते की आता ठोका परत येणार. कधी येणार, हेही जवळजवळ माहीत असते, कारण हे सगळे आठ, सोळा, बत्तीस आवर्तनांच्या हिशेबात चालते. मिनिटाला एकशे छत्तीसचा वेग धरला तर बत्तीस आवर्तने म्हणजे छप्पन्न सेकंद. जवळजवळ मिनिटभर माणूस श्वास धरून उभा असतो. आणि मग ठोका आणि धून एकत्र कोसळतात. तबलजीची तिहाई समेवर येते तेव्हा आपल्या तोंडून 'वा' निघतो ना? तोच क्षण, फक्त तो मिनिटभर ताणलेला, आणि 'वा' म्हणणारी माणसे पाच हजार.

(याच कुळातल्या एका शाखेला आपल्या गोव्याचे नाव आहे. हणजुण्याच्या किनाऱ्यावर परदेशी भटक्यांच्या मेजवान्यांत ती वाढली. बीटीची शाखा मात्र ती नव्हे, तिचे माहेर ब्रिटनमधले क्लब.)

तर ट्रान्सच्या श्रोत्याला लागलेली सवय ही अशी. वचन द्यायचे, ताणायचे आणि पाळायचे. हे संगीत ऐकणाऱ्याला अपेक्षा करायला शिकवते. अपेक्षाभंगाचे शिक्षण त्यात नाही.

त्यात भर आयातीची. तुमच्यापैकी जे सीडीच्या काळातले आहेत, त्यांना हे आठवेल. एका देशात अल्बम काढण्याचे हक्क एका कंपनीकडे असत, दुसऱ्या देशातले दुसरीकडे. ब्रिटनमध्ये आलेला अल्बम अमेरिकेत यायला सहा-आठ महिने लागत, कधी येतच नसे. मधल्या काळात काही मोजकी दुकाने थेट ब्रिटनहून प्रती मागवीत. त्यांवर वाहतुकीचा खर्च चढे, मधल्या वितरकाचा नफा चढे, आणि पंधराची वस्तू पंचवीस-तीसला पडे. वरचे प्लास्टिकचे वेष्टन फाडले की परत घेणे नाही. ऐकून बघायची सोय असेल तर असेल. अशी सीडी घेणारा माणूस सहज म्हणून घेत नाही. तो आधीच्या अल्बमच्या पुण्याईवर पैसे मोजतो. थांबलो असतो तर स्वस्तात मिळाली असती, हेही त्याला ठाऊक असते. म्हणजे तो सव्वीस डॉलरपैकी दहा डॉलर मोजतो ते केवळ इतरांच्या आधी ऐकण्यासाठी. मग ती निराशाही इतरांच्या आधीच पदरात पडते.

आणि या अल्बमने काय केले? ब्रिटिश आवृत्तीत अकरा रचना. पहिल्या चारांत ट्रान्स जवळजवळ नाहीच. त्यांत ठोका मोडलेला आहे. 'ब्रेकबीट' म्हणतात तो प्रकार. यात ढोल प्रत्येक मात्रेवर पडत नाही, अडखळल्यासारखा, हुलकावणी देत पडतो. तिसरी रचना रॅपची, चौथीच्या तर नावातच हिपहॉप आहे. पाचवीपासून अल्बम वळतो. 'मर्क्युरी अँड सोलस', मग 'ड्रीमिंग', मग पुढच्या दोन, आणि नववी 'नमिस्ताय'. हो, आपल्या नमस्तेची आठवण करून देणारेच नाव, आणि ही रचना पुन्हा पॉल व्हॅन डाइकच्या जोडीने केलेली. अगदी शेवटी गिटार घेऊन एक गाणे. शिवाय सगळ्या रचना एकमेकींत मिसळून पुढे जातात. एक संपली आणि दुसरी सुरू झाली असे होत नाही.

साल कोणते होते, तेही लक्षात घ्या. १९९९ म्हणजे ट्रान्सच्या लोकप्रियतेचा कळस. एटीबी नावाच्या जर्मन संगीतकाराची गीतावाचूनची म्हणावी अशी एक ट्रान्स रचना त्या वर्षी ब्रिटनच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिली आली होती. काल-परवा शिकलेली पोरे ट्रान्स करून नाव मिळवत होती. आणि ज्याला वृत्तपत्रे या संगीताचा जनक म्हणू लागली होती, तो मात्र नेमक्या त्याच वर्षी पंगतीतून उठून दुसऱ्याच ओसरीवर जाऊन बसला. चाहत्यांना हे वर्मी लागले.

आमच्या ओळखीत तेव्हा या संगीताचे सात-आठ शौकीन असतील. कुणी पोलंडचा, कुणी कोरियन, एक गुजराती, एक न्यू यॉर्कचाच. त्यांची तक्रार मी अनेक संध्याकाळी ऐकली. कुणी म्हणे, अमेरिकेत खप व्हावा म्हणून त्याने रॅप घातले. कुणी म्हणे, मधल्या पाच रचना सोन्याच्या आहेत, पण त्या वेगळ्या काढून ऐकता येत नाहीत. कुणाचे म्हणणे असे, की रॅपही चालेल, पण ते बीटीकडून नको. त्यासाठी दुसरी माणसे आहेत की! हे शेवटचे वाक्य मला फार ओळखीचे वाटले. आपल्याकडे ख्यालगायकाने ठुमरी म्हटली, की मागच्या रांगेतून हेच ऐकू येते.

खपासाठी रॅप घातले, हा आरोप मात्र मला तेव्हाही पटला नाही. बीटी इलेक्ट्रॉनिक संगीताकडे वळला तोच मुळी ब्रेकडान्सच्या नादाने. आफ्रिका बाम्बाटा, क्राफ्टवर्क, न्यू ऑर्डर आणि 'ब्लेड रनर' या चित्रपटाला व्हँगेलिसने दिलेले संगीत, ही त्याची बालपणीची दैवते. म्हणजे चाहत्यांना जी फारकत वाटली ती त्याच्या दृष्टीने घरवापसी होती. शिवाय खुणा आधीच्या अल्बममध्येही होत्या. 'फ्लेमिंग जून'च्या शेजारीच मोडक्या ठोक्याच्या रचना बसल्या होत्या. आम्हीच त्या ओलांडून पुढे जात होतो. चाहता हा असा निवडून ऐकणारा प्राणी आहे. तो कलावंताची एक तसबीर करून घेतो, आणि मग खुद्द कलावंत दारात उभा राहिला तर त्याला तसबिरीशी ताडून बघतो.

तरीही चूक सगळी चाहत्यांची, असे मी म्हणणार नाही. क्रम लावण्यात बीटीचा हिशेब चुकला, असे माझे मत आहे. ज्या माणसाने वाट पाहिली, जास्तीचे पैसे मोजले, त्याला दारातच वीस मिनिटे ताटकळत ठेवले. तिसरी रचना तर मला आजही आवडत नाही. पहिली आणि चौथी मात्र कारागिरीच्या दृष्टीने अल्बममध्ये सर्वांत वरची आहेत, हे कळायला मला दोन-तीन महिने लागले. एखादा आवाज बारीक बारीक कापून त्याचे तुकडे तालात मांडायचे, ही बीटीची खासियत. पुढे हेच काम करणारे एक संगणकीय साधन त्याने घडवले आणि २०११ मध्ये ते बाजारातही आले. सरळ ठोक्याच्या ट्रान्समध्ये या कलेला जागाच कमी. मोडलेल्या ठोक्यात ती मोकळी होते. हे आम्हाला तेव्हा कुणी समजावून सांगितले असते तर रुसवा थोडा कमी झाला असता का? नसावा. रुसलेल्या माणसाला समजावणी नको असते.

खरा भडका उडाला तो पुढे. जून २००० मध्ये त्याच नावाचा अल्बम नेटवर्क या कॅनडाच्या कंपनीने अमेरिकेत आणला. नाव तेच, पण आतला माल बराच वेगळा! सुरुवातच रॅपच्या रचनेने. 'नमिस्ताय' गायब. ट्रान्सच्या ज्या रचना ठेवल्या त्या आखूड केलेल्या. उलट काही गाणी अगदी नवी. त्यांतले 'नेव्हर गॉना कम बॅक डाउन' अमेरिकेतल्या रॉक वाजवणाऱ्या रेडिओ केंद्रांवर चालले आणि त्याच वर्षीच्या 'गॉन इन सिक्स्टी सेकंड्स' या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेतही आले. अमेरिकेतल्या रेडिओला आठ मिनिटांची, शब्दांवाचूनची रचना नको असते, तीन-चार मिनिटांचे गाणे हवे असते. कंपनीने हिशेब केला तो हा.

आता चाहत्यांची दोन्हीकडून पंचाईत. ज्यांनी आधी सव्वीस डॉलर मोजले त्यांच्याकडे नवी गाणी नाहीत. जे शहाण्यासारखे थांबले त्यांच्या हाती 'नमिस्ताय' नाही. पूर्ण अल्बम असा कुणाकडेच नाही. मग काय, आयातीच्या सीडीला शिव्या घालणारेच तिच्या शोधात फिरू लागले. आमचा पोलिश मित्र, ज्याने आपली प्रत रागाने विकून टाकली होती, त्याने ती पुन्हा विकत घेतली, आणि तीही पहिल्यापेक्षा चढ्या भावाने. अमेरिकन आवृत्तीत जे आखूड झाले ते पाहिल्यावर ब्रिटिश आवृत्तीतल्या लांबीची किंमत कळली. माझ्या मते दोन्हींत ब्रिटिश आवृत्तीच सरस. तिच्यात एक प्रवास आहे. अमेरिकन आवृत्ती म्हणजे बऱ्यापैकी गाण्यांची गाठोडी.

पुढे काय झाले तेही थोडक्यात सांगतो. २००१ मध्ये बीटीने 'एन्सिंक' या पोरांच्या लाडक्या गायकवृंदासाठी 'पॉप' हे गाणे तयार केले. २००३ च्या 'इमोशनल टेक्नॉलॉजी' या अल्बममध्ये तर गाणीच गाणी. त्यातल्या एका गाण्यात आवाजाचे ६,१७८ वेळा तुकडे जोडल्याची नोंद गिनेसच्या पुस्तकात झाली. त्याच वर्षीच्या 'मॉन्स्टर' या चित्रपटाचे संगीतही त्याचेच. जुने ट्रान्सवाले तोपर्यंत रुसण्याच्याही पलीकडे गेले होते. एकेकाने संसार थाटले होते. गंमत म्हणजे त्यांच्यातले बरेच जण 'मूव्हमेंट'कडे परत आले आणि आधी ज्या अल्बमने निराश केले, त्यालाच बीटीचे चांगले दिवस म्हणू लागले.

सांगलीकराचे काय झाले, ते सांगायचे राहिले. सीडी माझ्या गाडीत पडून असे. त्या गाडीतले यंत्र बंद केले तिथूनच पुन्हा सुरू व्हायचे. २००० च्या उन्हाळ्यात एके दिवशी त्याला कुठे तरी सोडायला निघालो. रस्त्याला लागलो, यंत्र सुरू केले, आणि सीडी मधूनच वाजू लागली, पाचव्या रचनेच्या तोंडापासून. तो खिडकीबाहेर बघत होता. पाच-सात मिनिटांनी म्हणाला, ''हे कोण रे?'' मी बोललो नाही. ठोका थांबला, गायिकेचा आवाज आला, थरथर चढत गेली. त्याचा हात आपोआप गुडघ्यावर ताल धरू लागला. 'नमिस्ताय' सुरू झाली तेव्हा आमचा फाटा मागे राहिला होता. मी मुद्दामच वळलो नव्हतो.

शेवटी सांगितले, ''तुझीच सीडी आहे.''

तो बराच वेळ गप्प राहिला. मग चिडून म्हणाला, ''मग हे आधी का नाही ठेवलं त्यानं?''

मी सीडी परत देऊ केली. त्याने घेतली नाही. दिलेले परत घ्यायचे नाही, हा सांगलीचा बाणा असावा. २००१ मध्ये आमच्या धंद्याला मंदीने गाठले. त्याची नोकरी गेली, व्हिसाचा प्रश्न आला, आणि दोन बॅगा भरून तो महिन्याभरात भारतात परतला. विमानतळावर निरोप घेताना गाडीत सीडी होती, तेव्हा ती मला आठवली नाही. त्यालाही आठवली नसावी, किंवा आठवूनही तो बोलला नसेल.

आता सीडी हा प्रकारच जवळजवळ मावळला. २०१५ च्या जुलैपासून तर नवे अल्बम बहुतेक देशांत एकाच दिवशी, शुक्रवारी निघतात. आधी कुणी, मागून कुणी, हा प्रश्नच उरला नाही. आयातीच्या सीडीसाठी दहा डॉलर जास्त मोजणारी जात त्याबरोबर गेली.

मी भारतात परतलो ते बऱ्याच वर्षांनी. सामान लावताना ती डबी हाती आली. दुकानाची किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. सांगलीला एकजण निघाले होते, त्यांच्या हाती ती पाठवली. चार दिवसांनी फोन आला. सीडी लावायला घरात यंत्र नव्हते, म्हणून मुलाच्या जुन्या संगणकावर लावली, म्हणाला. मी विचारले, ''पहिल्यापासून ऐकलीस का?''

''नाही,'' तो म्हणाला. ''पाचव्यापासून.''